तळटीप १४ : पेन्शनरांचे गाव
१४. म्हणजे सातारा. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथे झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसले. १८४८ मध्ये आप्पासाहेब महाराज वारल्यावर डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. पेन्शनर येथे का जमले, याचे श्रेय सहसा हवेला देतात. हवा चांगली, यात वाद नाही. पण निव्वळ हवेसाठी माणसे येती, तर ती पाचगणी-महाबळेश्वरने केव्हाच पळवली असती. दरबार गेला तरी जिल्ह्याचे ठाणे राहिले. कोर्ट, कचेऱ्या, सिव्हिल हॉस्पिटल आणि (मुख्य म्हणजे) पेन्शन हाती पडायची ट्रेझरी येथेच. पेन्शनर म्हणजे मुंबई-पुण्याहून परतलेला कारकून, ही समजूतही अपुरी आहे. अपशिंगे मिलिटरीसारखे फौजींचे गाव याच तालुक्यातले, आणि देशातले पहिले सैनिक स्कूलही १९६१ मध्ये साताऱ्यातच निघाले. बिरुदावरून गाव पेंगुळलेले ठरवणाऱ्यांना रयत शिक्षण संस्थेचा विसर पडतो. तिचे मुख्यालय १९२४ पासून येथे आहे. लेखकाने वर्णिलेली नोव्हेंबरातली रांग हयातीच्या दाखल्यासाठीची; तीत काठ्यांबरोबर पीळदार मिशा दिसतात त्या या फौजींमुळेच.