पावसाळा, पागा आणि तडकलेले पितळ

१/ काडतूस म्हटले की १८५७ आठवते. चरबी लावलेल्या कागदी काडतुसांनी असंतोषाला तोंड फोडले. ३१ जुलै रोजी कोल्हापुरातही २७व्या देशी पलटणीने उठाव केला. पुढे कागद जाऊन पितळ आले, आणि त्या पितळाने इंग्रजी लष्कराला वेगळ्याच कोड्यात टाकले.

२/ काडतुसाच्या पितळी पुंगळीचे काम केवळ दारू सांभाळण्याचे नसते. बार उडताच ती फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसते आणि वायू मागे येऊ देत नाही. लगेच किंचित आकसून सुटीही होते. ती फाटली वा अडकली, तर हातातली बंदूक निकामी.

३/ १८६६च्या सुमारास आलेल्या बॉक्सर काडतुसाची पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असे. १८८५मध्ये सुदानातील अबू क्लीच्या लढाईत मार्टिनी-हेन्री बंदुका ऐन वेळी अडकल्या. पुढे अखंड पितळातून ओढून काढलेली मजबूत पुंगळी रूढ झाली. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासूनचा.

४/ या पुंगळीत साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. थंड धातू साच्यातून ओढला की तो कठीण होतो. मठारकाम करणाऱ्या तांबटाला हे ठाऊक असते: ठोकून कडक झालेले भांडे तो तापवून पुन्हा मऊ करतो. तसे न केल्यास धातूच्या पोटात ताण कोंडून राहतो.

५/ हिंदुस्थानात पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत. तेवढ्या काळापुरता दारूगोळा पागेत ठेवला जाई. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात, तर न उडवलेल्या काडतुसांना भेगा! दोष ऋतूच्या माथी गेला आणि नाव पडले ‘सीझन क्रॅकिंग’.

६/ हा काळ आपल्या ओळखीचा आहे. कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४मध्ये दत्तक आलेले शाहू महाराज १८९४ ते १९२२ कोल्हापूरच्या गादीवर होते. पागा, शिकारीच्या बंदुका आणि सह्याद्रीचा पाऊस हे तिन्ही त्या संस्थानी जीवनाचे भाग होते.

७/ उकल झाली १९२१मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवले की गुन्हेगार पाऊस नव्हे, घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया. पण तोही एकटा नव्हे: आत कोंडलेला ताण आणि बाहेरून अमोनिया, दोन्ही एकत्र आले तरच पितळ तडकते. दमट हवा त्याला हातभार लावते.

८/ म्हणून उपायही दुहेरी. पुंगळी तयार झाल्यावर ती बेताने तापवून ताण सोडवायचा, आणि साठा अमोनियापासून दूर ठेवायचा. तापवताना तोंडाकडचा भाग मऊ करतात. बुडाचा भाग मात्र कठीणच राहू देतात, कारण तिथे दाब सोसायचा असतो.

९/ परदेशांत वापरलेल्या पुंगळ्या परवान्याने पुन्हा भरणारे नेमबाज आजही हेच पाळतात: तोंडाशी भेग दिसली की पुंगळी बाद, आणि स्वच्छतेसाठी अमोनियायुक्त द्रावण वर्ज्य.

१०/ पाऊस निर्दोष ठरून शंभर वर्षे झाली, तरी नावातला ‘सीझन’ गेलेला नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असे नव्हे. इतिहास वाचतानाही कारण शोधायचे, तर एकदा पागेत डोकवावे लागते.