कागदापुरती मराठी

संगणकावर मराठीचे काम अवघड जाते, हे वाक्य महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत गेली तीस-पस्तीस वर्षे ऐकू येते. असे म्हणणाऱ्याचा अनुभव खोटा नाही, पण त्याचे कारण मात्र बहुतेक वेळा चुकीचे सांगितले जाते. सगळा दोष लिपीच्या माथी मारला जातो: जोडाक्षरे फार, रफार वर चढतो, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, इंग्रजीसारखी सरळ रांग नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. ही अडचण लिपीतून आली नाही, खरेदीच्या निर्णयांतून आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची जवळपास वीस वर्षे मराठीसाठी सॉफ्टवेअर निवडताना कागदावर उमटलेली ओळ कशी दिसते एवढेच पाहिले गेले. यंत्राच्या आत काय साठते, हे क्वचितच कोणी विचारले. त्या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत मराठी आजही मोजते आहे, आणि म्हणून हा इतिहास नीट समजून घ्यायला हवा.

संगणक आला तेव्हा मराठी कचेरीला यंत्रावर लिहिण्याची सवय नव्हती असे नाही. गोदरेज अँड बॉइसने १९५५ मध्ये मुंबईत भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार केला, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्यकारभारात मराठी टंकलेखनाची गरज वाढत गेली. तालुक्या-तालुक्यात टायपिंग इन्स्टिट्यूट उभ्या राहिल्या. ‘मराठी ३०, इंग्रजी ४०’ ही मिनिटाच्या शब्दगतीची अट लिपिकाच्या जाहिरातीत ठरूनच गेली. पण टाइपरायटरवर जेमतेम नव्वदेक चिन्हांना जागा होती, आणि देवनागरीतली अक्षरे व जोडाक्षरे शेकड्यांनी मोजावी लागतात. म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले. अर्धे अक्षर एका कळीवर, काना दुसऱ्या कळीवर, रफार तिसऱ्या. ‘किती’ लिहिताना आधी पहिली वेलांटी मारायची आणि मग ‘क’. ‘सर्व’ लिहिताना ‘स’, ‘व’ आणि शेवटी वर रफार. म्हणजे बोट डोळ्याच्या मागे चालत होते, उच्चाराच्या मागे नाही. कागदासाठी यात काहीच गैर नव्हते. टाइपरायटर काही लक्षात ठेवत नाही, त्यामुळे ओळ बरोबर दिसली की काम संपले.

संगणक मात्र लक्षात ठेवतो, आणि हा फरक ओळखणारे लोक आपल्याकडे फार लवकर पुढे आले. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देवनागरी संगणकाचे जे काम झाले, त्यातून ‘जिस्ट’ तंत्रज्ञान उभे राहिले. मोहन तांबे यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर हे काम तिथे आले. या मंडळींनी घेतलेला मूळ निर्णय साधा आणि दूरदृष्टीचा होता: यंत्राने अक्षराचा आकार साठवायचा नाही, अक्षर साठवायचे. ‘किती’ हा शब्द क, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी याच क्रमाने आत जाईल. वेलांटी ‘क’च्या आधी दाखवणे ही पडद्याची जबाबदारी. ‘सर्व’ म्हणजे स, र, हलन्त, व. रफार कुठे चढवायचा ते यंत्र पाहून घेईल. याच विचाराने इन्स्क्रिप्ट हा कळफलक आखला गेला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’. ब्राह्मीतून निघालेल्या भारतीय लिपींना ही एकच मांडणी चालते. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये अक्षरे साठवण्याची ही संकेतप्रणाली ‘इस्की’ या नावाने मानक म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी जगभरच्या लिपींसाठीच्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या रूपावर बेतलेला होता. आज जगातल्या कुठल्याही फोनमध्ये मराठी ज्या क्रमाने साठते, त्या क्रमाची मुळे कानपूर-पुण्याच्या या कामात आहेत.

मग बाजाराने दुसरी वाट का धरली? कारण त्याच सुमारास डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पाने मांडण्याचे तंत्र, आले. पाने मांडणारा पेजमेकर १९८५ मध्ये निघाला आणि लेझर प्रिंटरच्या जोडीने त्याने खिळे जुळवण्याचा धंदा काही वर्षांत मागे टाकला. पेजमेकरला मराठी येत नव्हती. त्याला फक्त फॉन्ट बदलता येत होता. तेव्हा फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरची आकृती, आणि खुद्द सी-डॅकची फॉन्ट-पॅकेजेस या मार्गाने घराघरांतल्या डीटीपी केंद्रांपर्यंत पोहोचली. प्रत्येकाची तुकडे बसवण्याची पद्धत वेगळी. हिंदी पट्ट्यात सर्वत्र आणि आपल्याकडेही वापरला गेलेला कृतिदेव फॉन्ट घ्या. त्यात पडद्यावर ‘मराठी’ असे सुबक दिसते, पण यंत्राच्या आत ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे साठलेली असतात. फॉन्ट काढून घेतला की मराठी संपली. छापखान्याला याचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. त्याला हवी होती सुंदर अक्षरे, भरपूर वळणे, बिनचूक जोडाक्षरे आणि बटर पेपरवर काढता येईल असे तयार पान. ते सगळे या फॉन्टांनी दिले. दिवाळी अंकांपासून लग्नपत्रिकांपर्यंत मराठी मुद्रण स्वस्त आणि देखणे झाले, ते या कामामुळेच. त्या कारागिरीला कमी लेखून हा इतिहास सांगता येणार नाही.

चूक झाली ती कचेऱ्यांनी छापखान्याचे साधन जसेच्या तसे उचलले तेव्हा. छापखान्याचे काम पान छापले की संपते, पण कचेरीचे काम तिथून सुरू होते. तिला नावे शोधायची असतात, याद्या लावायच्या असतात, एका टेबलावरची माहिती दुसऱ्या टेबलावर न्यायची असते. कृतिदेवमध्ये टंकलेली आडनावांची यादी संगणकाला अनुक्रमे लावायला सांगा. ‘ब’ इंग्रजी सी-वर आणि ‘क’ डी-वर असल्यामुळे बापट आधी येतील आणि कदम नंतर. ‘त’ आर-वर असल्यामुळे तावडे सावंतांच्याही मागे जातील. शिंदे, चिटणीस आणि निकम मात्र एकाच ठिकाणी गोळा होतील, कारण तिघांच्याही नावाची सुरुवात यंत्राच्या लेखी पहिल्या वेलांटीने, म्हणजे एफ-ने होते. अशा यादीत माणूस शोधायचा म्हणजे ती छापून बोट फिरवत वाचायची. एका खात्याने श्रीलिपीत आणि दुसऱ्याने आकृतीत केलेली फाइल परस्परांना उघडून उपयोग नसे. ज्या संगणकाला पॅकेजचे डोंगल लावलेले, त्याच संगणकावर मराठी चालायची. मग व्यवहारी लिपिकाने काय केले? पत्र मराठीत टंकून छापले, आणि ज्यात शोधाशोध किंवा आकडेमोड होती ती माहिती इंग्रजीत भरली. मराठी पत्रापुरती आणि इंग्रजी माहितीसाठी, ही वाटणी कोणत्याही शासन निर्णयाने केली नव्हती. ती सॉफ्टवेअरच्या निवडीने झाली, आणि काही वर्षांत तीच स्वाभाविक वाटू लागली.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल की त्या काळात दुसरा पर्यायच नव्हता. विंडोज ९५ आणि ९८ ला देवनागरी येत नव्हती; पूर्ण आधार मिळाला तो २००० साली विंडोज २००० बरोबर. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. संगणकात बसवायचे जिस्ट कार्ड १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून उपलब्ध होते, आणि ते लावले की डीबेससारखे डॉसवर चालणारे माहितीसंचाचे सॉफ्टवेअर भारतीय लिपीत काम करू शकत असे. पानाची देखणी मांडणी त्यावर होत नव्हती हे खरे, परंतु याद्या आणि नोंदी, म्हणजे कचेरीचे मूळ काम, होऊ शकत होते. शिवाय २००० नंतर तर पर्याय नसल्याची सबबही उरली नाही. विंडोज एक्सपीमध्ये मराठी सुरू करायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. काम पाच-दहा मिनिटांचे, पण ते सांगणारे कोणी नव्हते. ज्या दुकानदाराने संगणक विकला तो फॉन्टचे पॅकेजही विकत होता, आणि संगणक घेणाऱ्या अधिकाऱ्याने निविदेत ‘मराठी फॉन्टसह’ एवढेच लिहिले होते. पर्याय नसणे आणि पर्याय न मागणे यांत फरक करायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो मराठी अक्षरांवर प्रेम करणाऱ्यांकडून येतो. युनिकोड मराठी सुरुवातीला आपली वाटत नव्हती. विंडोजबरोबर आलेला मंगल फॉन्ट र. कृ. जोशी यांच्यासारख्या श्रेष्ठ अक्षरकाराने घडवलेला होता, पण त्यातली ‘ल’ आणि ‘श’ ची वळणे हिंदी धाटणीची होती. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ मधला अर्धा र लिहिताना लोक अडखळत. ‘ॲ’ या अक्षराला तर स्वतःची जागाच नव्हती. वृत्तपत्रे आणि प्रकाशक युनिकोडकडे वळायला उशीर करत होते, त्यामागे हे अक्षरप्रेम होते आणि त्याचा आदर करायला हवा. मांडणीची सॉफ्टवेअरही तयार नव्हती. पेजमेकर शेवटपर्यंत युनिकोड शिकला नाही आणि इनडिझाइनला भारतीय लिपी नीट येऊ लागल्या त्या २०१२ च्या सुमारास. पण पुढे काय झाले तेही पाहायला हवे. ‘ॲ’ ची उणीव मानकाच्या मंडळासमोर गेली आणि २००८ च्या आवृत्तीत त्याला जागा मिळाली. मराठी ‘ल’ आणि ‘श’ ओळखून दाखवणारे फॉन्ट निघाले. म्हणजे खुल्या मानकातला दोष दाखवून दुरुस्त करून घेता आला आणि ती दुरुस्ती सगळ्यांना मिळाली. बंद फॉन्टमधला दोष त्याच्या मालकाच्या मर्जीवर राहत असे, आणि मालकाने धंदा गुंडाळला तर त्यात टंकलेला मजकूरही अडकून पडत असे.

तिसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे टाइपरायटरची मांडणी बोटांत मुरवली, त्या टंकलिपिकांना आणि डीटीपी ऑपरेटरांना नवा कळफलक शिका असे सांगणे अन्यायाचे होते, असे म्हटले जाते. त्यांच्या कौशल्याचे मोल मला पूर्ण मान्य आहे. मात्र इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली. बोट कुठली कळ दाबते आणि यंत्र काय साठवते, हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. टाइपरायटरच्या मांडणीने टंकून आत युनिकोड साठवणारे कळफलक बनवता येतात, आणि ते बनले, वापरातही आले. ज्या दिवशी ते हातात आले त्या दिवशी ऑपरेटरचा एकही शब्द वाया जाण्याचे कारण उरले नाही. पण ‘फॉन्ट’ या एकाच नावाखाली कळफलक, संकेतप्रणाली आणि अक्षरांचे वळण असे सगळे एकत्र विकले गेल्यामुळे एक बदलायचे तर सगळेच बदलावे लागेल, अशी समजूत घट्ट झाली. ती समजूत दूर करणे खरेदी करणाऱ्या संस्थांचे काम होते. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक २००९ मध्ये ठरवले, तोवर दोन दशकांचा मजकूर जुन्या फॉन्टांत जमा झालेला होता.

आता फोनने सगळे सोडवले, मग हा जुना हिशेब कशाला, असे कोणी विचारेल. फोनने खरोखर पुष्कळ केले. २०१२ च्या आसपास साध्या अँड्रॉइड फोनवर देवनागरी नीट दिसू लागली आणि ज्यांनी कधी टायपिंगचा वर्ग पाहिला नाही ते लोक मराठीत लिहू लागले. २०१७ मध्ये गुगलने मराठी बोलून टंकण्याची सोय दिली. पण हे शक्य झाले ते तळाशी एकच मानक होते म्हणून. उलट जुन्या फॉन्टांतले अंक, पुस्तके, पाठ्यसाहित्य आणि अहवाल आजही शोधयंत्राला दिसत नाहीत. अनेक पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ मराठी दाखवतात आणि त्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला की निरर्थक चिन्हांची माळ हाती येते. कन्व्हर्टर आहेत, पण प्रत्येक फॉन्टासाठी वेगळा लागतो आणि जोडाक्षरांत चुका राहतात, म्हणून माणसाने पुन्हा प्रूफ वाचावेच लागते. यंत्राला भाषा शिकवायची तर मोठ्या प्रमाणावर मजकूर लागतो. मराठीत लिहिलेले कमी नाही, पण यंत्राला वाचता येईल असे लिहिलेले कमी आहे. इंटरनेटवर मराठी तोकडी दिसते, त्यात या वीस वर्षांचा मोठा वाटा आहे.

या इतिहासातून ‘आपण मागे पडलो’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. संकेतप्रणालीच्या विचारात आपण पुढे होतो. खरेदीच्या विचारात कमी पडलो. कार्यालये, बँका, विद्यापीठे, प्रकाशक आजही रोज अशा निवडी करतात: कुठल्या ॲपमध्ये नोंदी ठेवायच्या, परिपत्रक मजकूर म्हणून द्यायचे की त्याचा फोटो फिरवायचा, जुना संग्रह नुसता स्कॅन करायचा की वाचनीय मजकुरात उतरवायचा. तेव्हा किंमत आणि देखणेपणा यांच्याबरोबर निविदेत आणखी एक अट लिहिलेली असली पाहिजे: हा मराठी मजकूर विक्रेता बदलला, यंत्र बदलले, तरी जसाच्या तसा वाचता, शोधता आणि क्रमाने लावता आला पाहिजे. ही अट घालायला ना पैसे लागतात, ना तज्ज्ञ. १९९१ पासून ती घालता येत होती. इथून पुढे ती घातली नाही, तर दोष लिपीला देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.