दुसऱ्याच्या घरातला अन्याय

जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली आष्टी १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होती. तो मुलूख कोणाचा, हा वाद १६ सप्टेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे आला. तक्रार निजाम सरकारची. हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्रच नाही, तेव्हा ऐकायचं कशाला, असं भारतातर्फे रामस्वामी मुदलियार यांनी सांगितलं. १७ तारखेला निजाम भारतीय फौजेला शरण आला. पुढचं मराठवाड्यात पोरासोरांनाही पाठ आहे.

मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. घरातला मामला म्हणून बाहेरच्यांना दूर ठेवणारं संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २(७) दोनच वर्षांपूर्वी भारतानं भेदलं होतं. दुसऱ्या देशाच्या वागणुकीवर जगापुढे बोट ठेवायचं, आणि तेही माणसाच्या हक्कांच्या नावानं, ही संयुक्त राष्ट्रांतली रीत तिथून सुरू झाली. आणि तिच्या मुळाशी दोन मराठी माणसं आहेत.

दक्षिण आफ्रिकेनं १९४६ मध्ये तिथल्या हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर निर्बंध घालणारा कायदा केला. दरबानमध्ये जूनमध्ये सत्याग्रह सुरू झाला. त्याच महिन्यात, २२ जूनला, भारतानं संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नोंदवली. श्रेय सगळे नेहरूंना देतात. पण हंगामी सरकार आलं २ सप्टेंबरला! जूनमध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशातल्या हिंदी लोकांचं खातं होतं डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याकडे. नागपूरचे डॉक्टर, मध्य प्रांताचे माजी मुख्यमंत्री, १९३८ मध्ये काँग्रेसनं बाहेर काढलेले. दक्षिण आफ्रिकेतले भारताचे हाय कमिशनर होते वऱ्हाडचे रामराव देशमुख. त्यांना परत बोलावण्यात आलं. व्यापार कराराला मार्चमध्येच नोटीस गेली होती, जुलैत व्यापारबंदी आली. त्याआधी १९४४ मध्ये खरे यांच्याच खात्यानं दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्यांना भारतात जशास तसे निर्बंध लावले होते. माझा तर्क असा की तक्रारीची धार तिथूनच आली.

आमसभेत भारतातर्फे झालेलं विजयालक्ष्मी पंडितांचं भाषण नसतं तर ठराव झाला नसता, हे खरंच. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स होते, सनदेच्या प्रस्तावनेत मूलभूत मानवी हक्कांचा उल्लेख आणणारे तेच! त्यांनी २(७) पुढे केलं, प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवा म्हणाले. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव मंजूर झाला. ब्रिटन विरोधात. म्हणजे ज्या व्हाइसरॉयच्या मंडळातून तक्रार निघाली, त्याचाच मायदेश विरोधात उभा राहिला.

कोणी म्हणेल, ही रीत जुनीच. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनं गुलामांच्या व्यापाराचा निषेध केलाच होता. होय, पण तो समर्थांचा निषेध होता, पुढे ब्रिटिश आरमाराच्या बळावर चालला. अमेरिकेच्या कार्टरांनी १९७७ मध्ये मानवी हक्क परराष्ट्र धोरणात आणले म्हणून आरंभाचा मान त्यांना देणाऱ्यांचंही तेच. महासत्तेला बोलायला काय लागतं? इथे स्वतःच पारतंत्र्यात असलेला देश बोलला, आणि निर्यातीच्या पाच टक्क्यांच्या आसपासचा धंदा सोडून बोलला. म्हणून मी आरंभ इथे धरतो.

खरे विस्मरणात का गेले, याचं एक कारण मला स्पष्ट दिसतं. १९४७ मध्ये ते अलवर संस्थानचे पंतप्रधान होते, आणि तिथे मेव मुसलमानांवर भीषण हल्ले झाले. परदेशातल्या हिंदी माणसाच्या हक्कासाठी भांडलेल्या माणसाच्या कारकिर्दीत घरच्या दारात हे घडलं. त्यांचं चरित्र लिहिणाऱ्यानं ही दोन्ही पानं एकत्र ठेवली पाहिजेत.

मराठवाड्याचंही पान तसंच आहे. रझाकारांच्या जुलमाची आठवण आपण जपतो, जपायलाच हवी. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी पंडित सुंदरलाल समितीनं केली, तो अहवाल मात्र कित्येक दशकं सरकारी कपाटात राहिला. त्याच वर्षी, त्याच पॅरिसमध्ये, १० डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पहिल्याच कलमात नुसत्या पुरुषांऐवजी ‘सर्व मानव’ यावेत म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता भांडल्या.

दक्षिण आफ्रिकेवरची व्यापारबंदी भारतानं उठवली १९९३ मध्ये. खरे १९७० मध्येच गेले.