खुनी सांगतो ते कारण

खुनाच्या बातमीत एक ठरावीक शब्दप्रयोग हमखास आढळतो : ‘चारित्र्याच्या संशयावरून’, ‘रागाच्या भरात’, ‘गुप्तधनाच्या लालसेने’. आपण तो वाचतो, कारण समजले असे मानतो आणि पान उलटतो. परंतु हे कारण पुष्कळदा आरोपीनेच पोलिसांना सांगितलेले असते. ते कितपत खरे मानावे?

२०१२ साली यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात सात वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. तपासात कारण पुढे आले ते नरबळीचे. अशी बातमी आली की दोन प्रतिक्रिया उमटतात. कोणी म्हणतो, ‘ही माणसे वेडी असली पाहिजेत’; कोणी म्हणतो, ‘अडाणीपणा, दुसरे काय!’ या दोन्ही उत्तरांची परीक्षा करण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१९६८ साली मुंबईची उपनगरे भीतीने जागी राहत होती. पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरिबांची डोकी रात्री कोणीतरी जड वस्तूने ठेचत होते. ऑगस्टमध्ये रामन राघव या इसमाला अटक झाली. गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे तपास होता. रामनने अनेक खुनांची कबुली दिली. पण त्याने सांगितलेली कारणे विलक्षण होती. जग दोन आहेत, एक आपण राहतो ते आणि दुसरे ‘कानून’चे, आपण ‘कानून’चे प्रतिनिधी आहोत, लोक आपले पुरुषत्व नष्ट करून आपल्याला स्त्री बनवू पाहत आहेत, असे तो सांगे. १९६९ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा दिली. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याची तपासणी केली, तेव्हा त्याला जुनाट स्वरूपाचा संशयप्रधान छिन्नमनस्कता हा विकार असल्याचे निदान झाले. १९८७ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला.

कायद्याला हा पेच नवा नव्हता. १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या चिटणीसावर गोळी झाडली. सत्ताधारी पक्षाचे लोक आपला सर्वत्र पाठलाग करतात, हे त्याने दिलेले कारण. तो वेडाच्या मुद्द्यावर सुटला, लोक खवळले, आणि त्यातून इंग्लंडच्या न्यायाधीशांनी एक कसोटी सांगितली : आपण काय करतो आहोत, किंवा ते गैर आहे, हे आरोपीला मनोविकारामुळे कळतच नव्हते काय? हीच कसोटी थोड्या फरकाने १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ८४ म्हणून आली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये कायम आहे.

आता नरबळीकडे वळू. रामनचे ‘कानून’चे जग त्याच्या एकट्याचे होते, दुसऱ्या कोणालाही ते पटले नसते. नरबळीचे तसे नाही. बळी दिला की देवी प्रसन्न होते किंवा धन मिळते, ही समजूत आरोपींना परंपरेतून मिळालेली असते आणि ती मानणारे इतरही असतात. मानसशास्त्र हाच फरक महत्त्वाचा मानते. समाजाच्या एखाद्या गटात रूढ असलेली श्रद्धा, कितीही चुकीची असली तरी, केवळ तेवढ्यावरून संभ्रम-विकार ठरत नाही. म्हणून ‘वेडी असतील’ हे उत्तर चुकीचे आहे. शिवाय ते मनोरुग्णांवर अन्याय करते, कारण बहुसंख्य मनोरुग्ण कधीही हिंसा करीत नाहीत.

मग खुनी खोटे बोलतो काय? पुष्कळदा बोलतोच. पण प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. १९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दुकानात आलेल्या लोकांपुढे मोज्यांचे चार जोड मांडून उत्तम कोणता ते विचारले. चारही अगदी सारखे होते. लोकांनी सर्वांत उजवीकडचा जोड जास्त निवडला. परंतु कारण सांगितले ते विणीचे, पोताचे. जागेचे नाव कोणीही घेतले नाही. आपल्या कृतीचे खरे कारण आपल्यालाही दिसतेच असे नाही. अशा वेळी आपण समाजाला पटेल असे कारण नकळत उचलतो.

१९५७ मध्ये ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या समाजशास्त्रज्ञांनी गुन्हेगार किशोरांच्या समर्थनांचे पाच प्रकार सांगितले. त्यांतले तीन आपल्या बातम्यांत रोज भेटतात. ‘रागाच्या भरात’ म्हणजे जबाबदारी नाकारणे. ‘चारित्र्याच्या संशयावरून’ किंवा ‘ती करणी करायची’ म्हणजे मेलेल्यावरच दोष ढकलणे. ‘देवीची आज्ञा’, ‘घराण्याची अब्रू’ म्हणजे मोठ्या निष्ठेचा आधार घेणे. या दोघांचा खरा मुद्दा असा की, ही समर्थने गुन्ह्यानंतरच सुचतात असे नाही. ती आधीच मनात तयार असतात, आणि म्हणून हात उचलणे सोपे जाते.

येथे ‘अडाणीपणा’ हे उत्तरही अपुरे ठरते. घराण्याच्या अब्रूची भाषा शिकलेले लोकही बोलतात. खुनी सांगतो ते कारण त्याच्या मनाचा पुरावा कमी आणि आपला समाज कोणती कारणे ऐकून घेतो याचा पुरावा अधिक असते. पोलिसांपुढील कबुली न्यायालय पुरावा म्हणून घेत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हा नियम नव्या कायद्यातही टिकून आहे. बातमी वाचताना मात्र आपण तेवढी सावधगिरी बाळगत नाही.

महाराष्ट्रात २०१३ साली नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. कायदा कृत्याला शिक्षा देतो. कारणाची किंमत मात्र समाजाने कमी करायची असते. यासाठी वर्गात एक छोटा पाठ घेता येईल. अशी एखादी बातमी फळ्यावर लिहावी आणि तीन प्रश्न विचारावेत : हे कारण कोणी सांगितले? त्यात दोष कोणावर जातो? ज्याचा जीव गेला, त्याची बाजू कोणी मांडली? ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ याऐवजी ‘पतीने पत्नीचा खून केला, कारण म्हणून तो तिच्यावर संशय असल्याचे सांगतो’ असे वाक्य विद्यार्थ्यांनी लिहिले, की दोष कोठून कोठे सरकला हे त्यांचे त्यांनाच दिसेल.