खिचडी कोणाच्या खात्यावर?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. वीरसिंह या खेड्यातून कलकत्त्याला आलेला ठाकूरदास बंद्योपाध्याय नावाचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा एका ओळखीच्या घरी राहत होता. नोकरी हवी तर कामापुरतं इंग्रजी यायला हवं, म्हणून रोज संध्याकाळी तो एका गृहस्थाकडे शिकायला जाई. अडचण एकच होती. तो परतेपर्यंत त्या घरातली रात्रीची पंगत उठलेली असे. इंग्रजीचा धडा मिळे, भात चुके. पुढे तो दुसऱ्या एका आश्रयदात्याकडे राहायला गेला, पण त्याचीच चूल रोज पेटेल याची खात्री नव्हती. जवळ एक पितळी थाळी आणि लहानशी लोटी होती. ती विकायला गेला, तर अनोळखी पोराकडून जुनी भांडी घ्यायला भांडीवाले तयार होईनात. एके दिवशी पोटात काही नसताना तो भटकत ठनठनिया भागात पोहोचला आणि मुरमुरे विकणाऱ्या एका विधवेकडे पाणी मागितलं. तिने नुसतं पाणी दिलं नाही. मुरकी, म्हणजे गुळात घोळलेल्या लाह्या, दिली, दही आणून घातलं, आणि पुन्हा असा प्रसंग आला तर इथे येत जा, असंही सांगितलं.

हा ठाकूरदास म्हणजे ईश्वरचंद्र विद्यासागरांचे वडील. विद्यासागरांनी आपल्या अपुऱ्या राहिलेल्या आत्मचरित्रात हा प्रसंग लिहून ठेवला आहे. स्त्रियांविषयीच्या आपल्या आदराचा एक उगम तो मानत. माझ्या दृष्टीने तो आणखी एका गोष्टीचा उगम आहे. आज कोलकात्याच्या सरकारी शाळेत दुपारी ताटात पडणारी खिचडी, डाळ-भात, बटाट्याची भाजी, कधीमधी अंडं, यांची वंशावळ शोधायची तर पहिलं नाव या मुरमुरेवालीचं लिहावं लागेल. तिचं खरं नाव कोणालाच ठाऊक नाही. तिने हिशेब ठेवला नव्हता, आणि पुढच्या दोनशे वर्षांत असं दुसऱ्या कोणी केल्याचं फारसं दिसत नाही. पुढे जेवण देणारे पुष्कळ आले, पण आधी ते कोणत्या खात्यावर मांडायचं हे ठरवावं लागलं.

दुसरा प्रसंग १८२६ च्या सुमाराचा. कृष्णनगरकडून आलेला रामतनू लाहिडी नावाचा मुलगा डेव्हिड हेअरच्या पालखीमागे रोज धावत असे. हेअर मूळचा स्कॉटलंडचा घड्याळजी. कलकत्त्यात पैसा मिळवला आणि तो शाळांत घातला. १८१८ मध्ये स्थापन झालेल्या स्कूल सोसायटीच्या शाळा त्याच्या देखरेखीखाली होत्या. फुकट प्रवेशाच्या जागा थोड्या आणि उमेदवारांची गर्दी अशी, की हेअरसाहेबाच्या पालखीला पोरांचा गराडा पडे. एके दिवशी दमलेल्या रामतनूला त्याने विचारलं, काही खाणार का? साहेबाच्या घरी खाल्लं तर जात जाईल, या भीतीने उपाशी पोराने सांगितलं, भूक नाही. हेअरला खरं काय ते कळलं. माझ्या घरी खायचं नाही, तो समोरचा मिठाईवाला देईल, असं म्हणून त्याने सोय करून दिली. शिवनाथ शास्त्रींनी १९०४ मध्ये लिहिलेल्या रामतनूच्या चरित्रात ही हकिकत आहे.

हेअर आजारी मुलांच्या घरी औषध घेऊन जाई आणि १८४२ मध्ये कॉलऱ्यानेच गेला. विद्यार्थ्यांचं आरोग्य पाहणारा शहरातला पहिला माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं तरी चालेल. पण मला त्या मिठाईवाल्याचं खातं जास्त महत्त्वाचं वाटतं. शाळा चालवणाऱ्याने मुलाच्या खाण्याचा खर्च उचलला, ही या घराण्यातली पहिली नोंद. आणि त्याच क्षणी जात मध्ये आली, ती अजून उठलेली नाही. २०२५ च्या जूनमध्ये पूर्व वर्धमान जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत हिंदू आणि मुसलमान मुलांचं जेवण वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या हातांनी शिजतं आहे असं उघडकीला आलं. बातमी झाल्यावर प्रशासनाने ते थांबवलं.

सरकारी पैशाचं काय, हे ठाकूरदासांच्या मुलाने अनुभवलं. नोव्हेंबर १८५७ ते मे १८५८ एवढ्या काळात विद्यासागरांनी हुगळी, वर्धमान, मेदिनीपूर, नदिया या जिल्ह्यांत मुलींच्या ३५ शाळा काढल्या. तेराशेच्या आसपास मुली शिकू लागल्या. लेफ्टनंट गव्हर्नर हॅलिडे यांचं तोंडी उत्तेजन होतं, म्हणून अनुदान येईल असं ते धरून चालले. १८५७ च्या बंडानंतर तिजोरी आटली होती आणि कायमची मदत नाकारली गेली. शिक्षकांचे पगार थकले. विद्यासागरांनी वर्गणीचा निधी उभारला, स्वतःचे पैसे घातले आणि १८५८ मध्येच सरकारी नोकरी सोडली. तोंडी आश्वासनावर शाळा काढू नये, हा धडा आपल्याकडच्या विनाअनुदानित शिक्षकांना वेगळा समजावून सांगायला नको.

१८६६ च्या दुष्काळात याच विद्यासागरांनी वीरसिंहात अन्नछत्र उघडलं. तिथे रोज खिचडी शिजे. त्यांचे धाकटे भाऊ शंभुचंद्र यांनी त्याचं जे वर्णन केलं आहे, त्यातला एक तपशील मला फार आवडतो. रोज खिचडी खाऊन लोक कंटाळले, म्हणून आठवड्यातून एक दिवस भात, माशाचा रस्सा आणि दही द्यायचं ठरलं. उपाशी माणसालाही कंटाळा येतो, हे मान्य करणारा मेनू पुढे शाळेच्या सरकारी तक्त्यांत यायला किती वर्षं लागली, ते पाहण्यासारखं आहे.

इथे थोडं बाहेर डोकावतो. इंग्लंडमध्ये १९०६ मध्ये शाळेतल्या मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला. त्याला मोठी चालना दिली बोअर युद्धाने: भरतीला आलेले कामगारवर्गातले तरुण इतके खुरटलेले निघाले, की साम्राज्याला फौजेची चिंता पडली. अमेरिकेने १९४६ मध्ये शालेय भोजनाचा कायदा केला, त्याच्या उद्देशातच राष्ट्रीय सुरक्षा आणि शेतमालाचा खप या दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत. मुलाची भूक हे कारण एकटं कधी पुरलेलं नाही. लंडनच्या कायद्याचा तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी असलेल्या कलकत्त्यातल्या मुलांना काही उपयोग झाला नाही, हे वेगळं सांगायला नको.

कलकत्त्यात पहिलं नियमित पाऊल पडलं ते १९२८ मध्ये, आणि तेही पालकांच्या खिशातून. केशव अकादमी या शाळेने दुपारचा टिफिन सगळ्यांना सक्तीचा केला; फी महिन्याला चार आणे. चार आणे म्हणजे जुने सोळा पैसे, म्हणजे शाळेच्या दिवसाला एक पैसाही पडत नव्हता. रक्कम छोटी, कल्पना मोठी: खाणं हा शाळेच्या वेळापत्रकाचा भाग. मात्र ज्याच्या बापाकडे चार आणे नाहीत त्याचं काय, याचं उत्तर त्या योजनेत नव्हतं. मद्रास महापालिकेने त्याआधीच थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत महापालिकेच्या पैशातून न्याहारी सुरू केली होती, ती न्यायपक्षाच्या त्यागराय चेट्टींच्या काळात.

कलकत्ता महापालिकाही तेव्हा झोपलेली नव्हती. १९२४ मध्ये चित्तरंजन दास महापौर झाले आणि सत्तावीस वर्षांचे सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी. महापालिकेचं शिक्षण खातं याच काळात उभं राहिलं, मोफत प्राथमिक शाळा वाढू लागल्या, आणि गरिबांच्या तान्ह्या मुलांना दूध पुरवणारी केंद्रं निघाली. शिक्षण अधिकारी म्हणून केंब्रिजहून आलेले क्षितीशप्रसाद चट्टोपाध्याय नेमले गेले. हा माणूस पुढे मानववंशशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि १९४३ च्या दुष्काळानंतर बंगालच्या पुनर्वसनाचा आराखडाही त्यानेच लिहिला. शहरातल्या पोरांसाठी शाळा उघडणाऱ्याच्या वाट्याला वीस वर्षांनी भुकेने उद्ध्वस्त झालेल्या खेड्यांचा हिशेब आला.

जाता जाता एका मराठी माणसाची आठवण काढायला हवी. देवघरजवळ जन्मलेले आणि कलकत्त्यात ‘हितवादी’त काम केलेले सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०४ मध्ये ‘देशेर कथा’ हे पुस्तक बंगालीत लिहिलं. देश कंगाल कसा झाला याचे आकडेच त्यांनी वाचकांसमोर ठेवले. १९१० मध्ये सरकारने पुस्तकावर बंदी घातली. भुकेचा हिशेब मांडणं कधी कधी भुकेपेक्षा धोक्याचं ठरतं.

१९४३ मध्ये सुमारे तीस लाख माणसं मेली. कलकत्त्याच्या दारोदार लोक भात नाही, भाताची पेज मागत फिरत होते. लंगरखान्यांतून पातळ खिचडी वाटली जाई. त्या वर्षी शांतिनिकेतनात नऊ वर्षांच्या एका मुलाला आजोबांनी परवानगी दिली होती: दारी येणाऱ्या प्रत्येकाला सिगारेटच्या डब्याने एक डबा तांदूळ द्यायचा, जास्त नाही. तो मुलगा म्हणजे अमर्त्य सेन. धान्य असूनही माणसं उपाशी मरतात ती का, हे त्यांनी १९८१ च्या पुस्तकात मांडलं. आणि १९९८ च्या नोबेलच्या पैशातून उभ्या राहिलेल्या प्रतीची ट्रस्टने २००२ मध्ये बंगालच्या प्राथमिक शाळांची पाहणी करून शिजवलेल्या जेवणाचा आग्रह धरला.

मधली वर्षं भराभर ओलांडतो. स्वातंत्र्यानंतर ‘केअर’ या अमेरिकी मदतसंस्थेची दुधाची पावडर आली, बल्गर गहू आला. अमेरिकेत जे उरलं ते आपल्या शाळांत पोहोचलं. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातली सुकडी अजून अनेकांच्या जिभेवर आहे. बंगाली मित्रांच्या आठवणींत तिच्या जागी शाळेतली पावरोटी असते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी नरसिंह राव सरकारने देशभर शालेय भोजनाची योजना जाहीर केली, पण बहुतेक राज्यांत शिजवलेलं अन्न आलंच नाही. ऐंशी टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ. आपल्याकडे हे तांदूळ आठवणारे पालक पुष्कळ भेटतील. तो तांदूळ घरी जाई, घरभर वाटला जाई, आणि दुपारी वर्गात मूल उपाशीच असे.

२००१ मध्ये अन्न महामंडळाच्या गोदामांत पाच कोटी टनांहून अधिक धान्य साठलं होतं, आणि राजस्थानात माणसं पाला खात होती. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: शिजवलेलं जेवण द्या, किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षाला किमान २०० दिवस. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचं सरकार पंचवीस वर्षं होतं, तरी चुली पेटल्या त्या २००३ मध्ये. भूमिहीनांना जमीन देणाऱ्या सरकारला पोराच्या ताटाची आठवण न्यायालयाने करून द्यावी लागली, याचं मला अजून नवल वाटतं. शिकवायचं सोडून मास्तर आता भात शिजवणार का, असा सूर तेव्हा तिकडेही होता, इकडेही होता. प्रतीचीच्या २००५ च्या बीरभूममधल्या अभ्यासात हजेरी वाढलेली दिसली.

कोलकाता शहराची अडचण मात्र खेड्याला नव्हती. दोन खोल्यांची शाळा, तीही अनेकदा भाड्याची, अंगण नाही. चूल मांडायची कुठे? म्हणून इथे पुष्कळ शाळांना सामायिक स्वयंपाकघरातून डबे येतात. गरम पातेल्यातला वास वर्गापर्यंत येणं हा भाग शहरात हरवला. आणि पैसे? १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका मुलामागे स्वयंपाकाचा खर्च ६ रुपये ७८ पैसे धरला आहे. ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. तांदूळ वेगळा मिळतो. पण डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन, सगळं या पावणेसात रुपयांत. बाजारात एक अंडं घेतलं तर जवळपास तेवढेच जातात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा बंगालमध्ये मुलामागे दोन किलो तांदूळ आणि दोन किलो बटाटे पालकांना वाटले. पंचवीस वर्षांपूर्वीची तांदळाची पिशवी परत आली. लहानांच्या शाळा पुन्हा उघडल्या फेब्रुवारी २०२२ मध्ये. मग जानेवारी २०२३ मध्ये राज्य सरकारने १ कोटी १६ लाख मुलांसाठी आठवड्याला माणशी वीस रुपये जास्त दिले: कोंबडी, अंडं, मोसमी फळ. सोळा आठवडे, ३७१ कोटी रुपये. एप्रिलनंतर कोंबडी गेली. पंचायत निवडणुका जुलैत झाल्या. विरोधकांनी बोट दाखवलं, सरकारने इन्कार केला. माझं मत विचाराल तर हेतू काहीही असो, विद्यासागरांच्या मासे-भातानंतर कंटाळ्याचा विचार मोठ्या प्रमाणावर झाला तो हाच, आणि तो सोळा आठवडेच टिकला याचा राग यायला हवा.

महाराष्ट्राने हसायचं कारण नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याकडे आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा आणि साखरेचा निधी थांबवला गेला. हवं असेल तर लोकसहभागातून करा, असं शाळांना सांगितलं. म्हणजे केशव अकादमीच्या चार आण्यांकडे परत, फक्त आता सक्ती नाही आणि सोयही नाही.

आणि आता उन्हाळा. बंगालमध्ये २०२२ मध्ये २ मेपासून सुटी लागली ती वाढत जून संपत येईपर्यंत गेली. २०२४ मध्ये उष्म्यामुळे सरकारी शाळा २२ एप्रिललाच बंद झाल्या. शाळा बंद म्हणजे पातेलंही बंद. दुष्काळी राज्यांत सुटीतही जेवण द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये सांगितलं होतं, त्यात महाराष्ट्र होता. उष्म्याच्या सुटीसाठी अजून असा आदेश नाही. पातेलं ढवळणाऱ्या बाईला केंद्राच्या हिशेबाने महिन्याला हजार रुपये मिळतात, आणि २००९ पासून ते तेवढेच आहेत. राज्य वर काय घालेल ते घालेल. वर्षातले दहा महिने.