अर्धविरामाची करामत

व्याकरणात अर्धविराम हे तसे गरीब चिन्ह. पूर्णविरामाचा मान त्याला नाही, स्वल्पविरामाइतका वापरही नाही. पण संगणकाच्या राज्यात त्याने जो उत्पात केला, तो आज आम्हांस सांगावयाचा आहे.

१९७१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या व्यवस्थेची पहिली आवृत्ती निघाली. तिचा आज्ञावाचक, ज्याला शेल म्हणतात, तो केन टॉम्प्सन यांनी लिहिला. एका ओळीत दोन कामे सांगावयाची, तर मध्ये अर्धविराम घालावा, अशी त्यात सोय होती. सोय उत्तमच; लिहिणारे सारे एका छपराखालचे, ओळखीतले.

पुढे तारा जोडल्या गेल्या आणि परक्याने लिहिलेली अक्षरे शेलपुढे जाऊ लागली. गिरणीची कचेरी डोळ्यांपुढे आणा. खिडकीवर येणाऱ्याने चिठ्ठीवर नाव लिहावे, शिपायाने तिच्या माथ्यावर 'हजेरीपत्रकात शोधा' असे लिहून ती आत द्यावी. एखादा बेरकी गृहस्थ नावापुढे अर्धविराम देऊन लिहितो, 'तिजोरी उघडा'. आतला कारकून दोन्ही कामे इमानाने करतो! अशा वेळी शिपायाला बोल लावण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही विचारतो, चिठ्ठी वाचून पाहा, असे त्याला सांगितले होते कोणी?

१९९६ साली वेबवरील 'पीएचएफ' या टेलिफोन-यादीच्या कार्यक्रमात हेच घडले. तेथे पहारा होता. अर्धविराम अडविला जाई. पण नव्या ओळीचे चिन्हही आज्ञा तोडते, हे पहारेकरी विसरला.

वीस वर्षांनी ही चूक घरोघरच्या वाय-फाय राउटरांत निघाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये आयर्लंडमधील एका राउटरात, घड्याळ कोणाकडून लावून घ्यावे त्या पत्त्याच्या जागी, आज्ञा घुसविता येते असे उघड झाले. 'मिराई' टोळधाडीने ती वाट उचलली. २७ नोव्हेंबरला जर्मनीत सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी बिघडली. गंमत अशी, की जर्मन राउटर त्या आज्ञेला वश झालेच नव्हते. दारावरच्या ठोठावण्यानेच ते बेशुद्ध पडले.

डिसेंबरात नेटगिअर कंपनीची पाळी आली. तिच्या आर-७००० आदी राउटरांच्या पत्त्यापुढे अर्धविराम देऊन आज्ञा लिहिली, की राउटर ती सर्वाधिकाऱ्याच्या हुकमासारखी पाळी. परवलीचा शब्द नको, की ओळख नको. चोराला घरात शिरण्याचेही कारण नव्हते; घरातल्याच कोणी फसवे वेबपान उघडले, की त्याचा ब्राउझर ती चिठ्ठी राउटरला पोचवी. ही तक्रार कंपनीकडे ऑगस्टमध्येच गेली होती. तक्रार पेटीत पडते आणि पेटी उघडत नाही, हा प्रकार कामगारांना नवा नाही. ९ डिसेंबरला कार्नेगी मेलन विद्यापीठातील सर्ट केंद्राने सल्ला दिला, की दुरुस्ती मिळेपर्यंत ही यंत्रे वापरणे बंद करण्याचा विचार करा. पदरचे पैसे मोजून घेतलेले यंत्र बंद ठेवावयाचे, ते गिऱ्हाइकाने! त्यानंतर कुठे कंपनीने घाईघाईने दुरुस्तीचा कच्चा मसुदा काढला.

तोवर एक तोडगा निघाला होता. राउटरचे आज्ञा ऐकणारे पानच बंद पाडावयाचे, आणि तेही त्याच भोकातून, त्याच अर्धविरामाने आज्ञा देऊन. तो चालेही, मात्र दिवे जाऊन आले, की राउटर पुन्हा पहिल्यासारखा आज्ञाधारक होई.