ग्रहदर्शनाची साक्ष : बोलोन्या, प्राग आणि रोम (१६१०-११)

दुर्बिणीचा इतिहास सांगताना आपली पाठ्यपुस्तके १६१० च्या जानेवारीतील त्या सुप्रसिद्ध रात्रींपाशी थांबतात. ७ जानेवारीस गॅलिलिओला गुरूजवळ बारीक तारे दिसले, पुढे ते चार असल्याचे व गुरूभोवती फिरत असल्याचे त्याने ठरविले, आणि १३ मार्च रोजी व्हेनिस येथे ‘सिडेरिअस नुन्सिअस’ हे त्याचे लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले. एवढ्यावर शोध पुरा झाला असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु एकाने पाहिलेली गोष्ट दहा जणांनी पाहिली असे म्हणता येण्यासाठी काय करावे लागते, हा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. तो प्रश्न भिंगांचा आहे तितकाच भाषेचाही आहे. प्रस्तुत लेखक ज्योतिषी नसून भाषेचा अभ्यासक असल्यामुळे या दुसऱ्या बाजूकडे त्याचे लक्ष अधिक गेले आहे, हे वाचकांनी गृहीत धरावे.

२४ व २५ एप्रिल १६१० या दोन रात्री गॅलिलिओने बोलोन्या येथे आपली दुर्बीण विद्वानांपुढे ठेवली. यजमान होता तेथील विद्यापीठातील गणिताचा प्राध्यापक माजिनी. जमलेल्यांची संख्या वीसहून अधिक होती, असे माजिनीच्या घरी राहणाऱ्या मार्टिन हॉर्की या तरुण बोहेमियन विद्यार्थ्याने केप्लरला लिहून कळविले. या पत्राचा सूर विषारी आहे. जमिनीवरील वस्तूंच्या बाबतीत हे यंत्र अद्भुत काम करते, आकाशात मात्र ते फसविते, कारण स्थिर ताराही त्यातून दुहेरी दिसतो, असा त्याचा आक्षेप होता. जमलेल्या थोरांनीही यंत्र फसविते असेच कबूल केल्याचे तो सांगतो. याच हॉर्कीने दुर्बिणीचा मेणात गुपचूप ठसा घेतला होता आणि जूनमध्ये गॅलिलिओविरुद्ध एक पुस्तिकाही छापली. असा साक्षीदार निःपक्षपाती म्हणता येणार नाही. परंतु त्याला केवळ मत्सरी ठरवून मोकळे होणेही बरोबर नाही.

कारण गॅलिलिओच्या स्वतःच्या नोंदवहीत पहिल्या रात्री दोन आणि दुसऱ्या रात्री चारही उपग्रह दिसल्याचे टिपलेले आहे. एकच नळी, एकच आकाश. एकास चार ठिपके दिसतात, इतरांस काहीच खात्रीचे दिसत नाही. ज्याने अशा नळीला कधी डोळा लावला आहे त्यास याचे नवल वाटणार नाही. सुमारे वीसपट मोठे दाखविणाऱ्या त्या दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या जेमतेम निम्म्या रुंदीचे होते. डोळा किंचित सरकला की प्रकाश नाहीसा होई. भिंगाच्या दोषांमुळे गुरूभोवती रंगीत झळाळी पसरे, आणि पृथ्वीच्या गतीमुळे ग्रह मिनिटाभरात क्षेत्राबाहेर निघून जाई. गॅलिलिओचा डोळा चार महिने या कामात मुरला होता. पाहुण्यांच्या वाट्याला काही क्षण आले.

हॉर्कीचे पत्र ज्याच्या हाती पडले त्या केप्लरने स्वतः काही न पाहताच गॅलिलिओची बाजू छापून घेतली होती. ही गोष्ट त्याच्या मनाला बोचत असावी. ऑगस्टच्या अखेरीस कोलोनचा इलेक्टर अर्नेस्ट याच्याकडील, गॅलिलिओनेच पाठविलेली एक दुर्बीण त्यास प्राग येथे थोड्या दिवसांसाठी मिळाली. ३० ऑगस्ट ते ९ सप्टेंबर या काळात गुरू पहाटेच्या आकाशात होता. लहानपणीच्या देवीमुळे केप्लरची दृष्टी अधू झालेली होती. म्हणून म्हणा किंवा बोलोन्याचा अनुभव ध्यानी घेऊन म्हणा, त्याने एक साधी पण फार महत्त्वाची व्यवस्था केली. प्रत्येक निरीक्षकाने जे दिसले ते दुसऱ्यास न दाखविता खडूने फलकावर काढावयाचे आणि मगच सर्व आकृत्या ताडून पाहावयाच्या. बेंजामिन उर्सिनस आदी साक्षीदारांची नावे त्याने आपल्या ‘नॅराशिओ’त दिली, आणि जेथे संशय होता तेथे संशयच नोंदला.

माझ्या मते बोलोन्या व प्राग यांमधील खरे अंतर येथे आहे. यंत्राच्या गुणदोषांत फार मोठा फरक पडला नव्हता. फरक पडला तो साक्ष घेण्याच्या रीतीत. बोलोन्यास पाहणाऱ्यांना तोंडी विचारले गेले, आणि तोंडी उत्तर हे नेहमी विचारणाऱ्याकडे पाहून दिले जाते. प्रागला जीभ मिटली आणि हात चालू लागला.

या विधानास दुजोरा देणारा एक घरगुती अनुभव येथे नोंदविण्याचा मोह आवरत नाही. काही वर्षांपूर्वी हौशी आकाशनिरीक्षक मित्रांनी एका महाविद्यालयाच्या मैदानावर लोकांसाठी ग्रहदर्शनाची रात्र योजिली होती, व रांग सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. दुर्बिणीपाशी उभा असलेला उत्साही स्वयंसेवक प्रत्येकास विचारी, “चार ठिपके दिसतात ना?” उत्तर येई, “हो, हो, दिसतात!” आठ-दहा माणसे संतुष्ट होऊन गेल्यावर कोणीतरी डोळा लावून पाहिले, तो गुरू क्षेत्रातून केव्हाच निघून गेलेला. कुणाचा तरी धक्का लागला असावा. त्या माणसांना खोटारडे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठीतील प्रश्नान्ती येणारा हा ‘ना’ होकार मागून घेतो. त्यास ‘नाही’ म्हणणे हा शिष्टाचाराचा भंग वाटतो, आणि मागे रांग खोळंबलेली असते. बोलोन्यास विद्वानांनी असलेले नाकारले, येथे सज्जनांनी नसलेले स्वीकारले. दोन्हीकडे डोळ्याच्या आधी संभाषणाने निकाल दिला होता.

नावांचा इतिहासही याच काळात घडला. गॅलिलिओने आपल्या आश्रयदात्यांच्या घराण्यावरून उपग्रहांना ‘मेदिची तारे’ म्हटले. केप्लरने ‘सॅटेलिटीज’ हा शब्द योजला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ धन्याच्या मागेपुढे राहणारे सेवक, अंगरक्षक. आपला ‘उपग्रह’ शब्द निराळ्या वाटेने आला. फलज्योतिषाच्या ग्रंथांत गुलिक, धूम इत्यादी गणिताने कल्पिलेल्या बिंदूंना ही संज्ञा होती; पुढे तिच्यावर नवा अर्थ बसविला गेला. ज्यांना कोणी कधी पाहू शकत नाही अशांचे नाव दुर्बिणीतून दिसणाऱ्यांस मिळाले, ही गंमत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

यंत्राचे नाव मात्र मेजवानीत ठरले. १४ एप्रिल १६११ रोजी रोममधील जानिक्युलम टेकडीवर फेदेरिको चेझी याने गॅलिलिओच्या सन्मानार्थ भोजन दिले. १६०३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तीन मित्रांसह ‘लिंचेई’ ही संस्था स्थापणारा हा उमराव विद्यापीठाच्या अर्थाने पंडित नव्हता. त्यास हौशी म्हणण्यास हरकत नाही. दिवस मावळण्यापूर्वी पाहुण्यांना प्रथम दूरच्या लॅटरन प्रासादावरील कोरीव लेख वाचावयास लावले, आणि अंधार पडल्यावर गुरू दाखविला. हा क्रम मला अत्यंत चतुर वाटतो. जो लेख जवळ जाऊन पडताळता येतो तो आधी वाचला की नळीवर विश्वास बसतो, आणि हॉर्कीच्या आक्षेपाची अर्धी धार तेथेच बोथट होते. याच प्रसंगी यंत्रास ‘टेलिस्कोप’ हे नाव जाहीर झाले. ते ग्रीक पंडित देमिसिआनी याने घडविल्याचे मानतात. ‘टेले’ म्हणजे दूर, ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणे. आपला ‘दुर्बीण’ शब्द फारसी ‘दूरबीन’चे रूप, ‘दूर’ अधिक ‘दीदन्’ या क्रियापदाचे वर्तमान अंग ‘बीन’. घडण अगदी तीच. त्यातही फारसी ‘दूर’ व संस्कृत ‘दूर’ हे सहोदर असल्याने शब्दाचा पूर्वार्ध मराठी कानास परका वाटला नाही. ‘दूरदर्शक’ हा पर्याय पुस्तकांत राहिला, ‘दूरदर्शन’ दुसऱ्याच यंत्राने पळविला, आणि बोलण्यात दुर्बीणच टिकली.

पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, आणि हौशी निरीक्षकांनी लोकांना आकाश दाखविण्याच्या परंपरेस महाराष्ट्रात संघटित रूप आले. तत्पूर्वी शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘ज्योतिर्विलासा’ने मराठी वाचकास रात्री वर पाहावयास लावले होतेच. उपरोक्त मैदानावर पुढल्या खेपेस आम्ही ‘दिसते ना?’ हा प्रश्न बंद केला आणि प्रत्येकाच्या हाती कागदाचा चिटोरा व पेन्सिल दिली. रांग फार मंद चालली, तक्रारीही झाल्या. बहुतेकांनी तीन ठिपके काढले, काहींनी दोन, एका वृद्ध बाईंनी कोरा कागद परत करून “मला काही दिसलं नाही बाबा,” असे स्पष्ट सांगितले. त्यांना स्टुलावर बसवून, चष्मा काढावयास लावून, पुन्हा पाहू दिले. त्यांनी काढलेल्या आकृतीत ठिपके चार होते, आणि चौथा गुरूच्या इतका लगत होता की आमच्यापैकी कोणीही तो तोवर पाहिलेला नव्हता.